सव्वाआठची पंगत

पहिला दिवस, बार्सिलोना. अमितच्या प्लॅनमध्ये लिहिलंय : दुपारी बोटीवर चढायचं. सगळ्यांनी पिवळे टी-शर्ट घालावेत, म्हणजे कुणी हरवणार नाही.

बार्सिलोना अजून लांब होतं. सुवर्णा अमेरिकेत, चँडलरमध्येच होती, स्वतःच्या किचनमध्ये, ओल्या हातात फोन धरून उभी. संध्याकाळ झाली तरी बाहेर ऊन असं पेटलेलं की ब्लाइंड्स बंद असूनही भिंतीवर त्याच्या रेघा उमटत होत्या. फोडणी मध्येच थांबली होती. तेल तापतंय, मोहरी मुठीत आहे आणि बाई फोनकडे बघत राहिली आहे.

फोनमध्ये बोटीचं ॲप होतं. अमितने ग्रुपवर सकाळीच दम भरला होता : प्रत्येकाने ॲपमध्ये जाऊन आपापलं खाणं भरा, अंडं चालतं की नाही तेही लिहा, नंतर माझ्या नावाने बोंबलू नका. अमित मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष. अध्यक्षपद गेलं तरी त्याच्या अंगातून ते उतरलं नव्हतं. ही युरोपची क्रूझ त्यानेच काढली, आठ जोडपी त्यानेच गोळा केली आणि रात्रीच्या जेवणाची दोन टेबलंही त्यानेच लावून टाकली. एकावर आठ बायका, दुसऱ्यावर आठ पुरुष. वेळ पावणेसहा, म्हणजे नंतरचा शो बुडत नाही.

सुवर्णा अंड्याच्या प्रश्नापाशी पोचली, तेवढ्यात तिला आपल्या नावाच्या वरचं नाव दिसलं. केबिन एकच असल्यामुळे दोघांची माहिती एकाखाली एक येत होती.

रवींद्र. रात्रीचं जेवण सव्वाआठ. टेबल दोघांचं.

सुवर्णा. रात्रीचं जेवण पावणेसहा. टेबल आठ जणांचं.

तिने ॲप बंद करून पुन्हा उघडलं. तेच. फोन बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. रवींद्रच्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : बदल पाहुण्याने स्वतः केला आहे. तेलातून धूर निघायला लागला तेव्हा कुठे तिने गॅस बंद केला.

ती एका इन्शुरन्स कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि ठरलेल्या साच्यात लिहून द्यायच्या, हे तिचं काम. घाबरली की ती मनातल्या मनातही त्याच साच्यात लिहायला लागायची.

काय व्हायला हवं : नवरा-बायको एका वेळी जेवायला बसतात.

काय होतंय : बसत नाहीत.

इथवर लिहून ती अडली. पहिली ओळ खरी आहे की नाही हे तिला तपासून सांगता येईना.

रवींद्रने सगळी नोकरी कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत काढली. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्याही बदलत्या. एक जण घरात शिरतोय तेव्हा दुसरा गाडीची किल्ली शोधतोय, असा संसार. ताट झाकून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं, की झालं. मार्चमध्ये तो रिटायर झाला. तेव्हापासून संध्याकाळी तो ओट्याच्या पलीकडे उंच स्टुलावर बसायचा, कानात इअरफोन घालून, समोर फोन उभा करून कुणाचे तरी लाकूडकामाचे व्हिडिओ बघत जेवायचा. ती तव्यावरची पोळी थेट त्याच्या ताटात टाकायची. तिची शेवटची पोळी फुगेपर्यंत त्याचं जेवण आटपलेलं. "मस्त झालं होतं," म्हणून तो ताट डिशवॉशरमध्ये लावायचा आणि जायचा. मग ती बसायची. यात रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. पद्धत होती.

मग चूक नेमकी कुठली? आणि दोघांच्या टेबलावर दुसरं कोण?

मोहरी तिच्या तळव्याला चिकटून बसली होती.

दुसरा दिवस, मार्सेय. प्लॅनमध्ये : किल्ला, चर्च (बाहेरून). दुपारी गुजराती थाळी शोधून ठेवली आहे, सगळ्यांचं बुकिंग झालं.

तिने रुपालीला फोन लावला. रुपाली ही अमितची बायको, आणि सुवर्णाची अमेरिकेतली सगळ्यात जुनी मैत्रीण. तिला सांगितलेली गोष्ट फार वेळ तिच्यापाशी राहत नाही हे सगळ्या चँडलरला माहीत होतं. पण सल्ला मात्र ती लगेच द्यायची.

"एकटे जेवणार म्हणतात?"

"म्हणत काहीच नाहीत. मी ॲपमध्ये बघितलं."

"घोरतात का गं ते?"

"जेवताना कोण घोरतं, रुपाली!"

"नाही, मी आपली सगळ्या शक्यता बघतेय. मी तर अमितपासून केबिनच वेगळी मागितली होती, मिळाली नाही."

"अगं, टेबल दोघांचं आहे. एकट्याचं नाही. दुसरं कोण?"

पलीकडे मिक्सर फिरला आणि थांबला. "फॅक्टरीतलं कुणी येतंय का बोटीवर?"

"कुणी म्हणजे?"

"कुणी म्हणजे कुणी. मी काही म्हटलं नाही."

"म्हटलंस."

"बरं, मी अमितला सांगते. तो एक फोन फिरवून रवीदादांना परत आठात बसवून टाकेल. विषय संपला."

"अजिबात सांगू नकोस."

"नाही सांगत," रुपाली म्हणाली, आणि सुवर्णाला कळलं की रात्रीच्या जेवणापर्यंत अमितला कळलेलं असणार.

मग मुलगा. अक्षत सिएटलजवळ बॉथेलला राहायचा. त्याला मराठी सगळं समजायचं, उत्तरं मात्र इंग्रजीत यायची.

"मॉम, जस्ट आस्क हिम."

"काय विचारू?"

"व्हाय ही इज ईटिंग ॲट एट-फिफ्टीन."

"असं कसं विचारायचं?"

"विथ वर्ड्स?"

"अक्षत, मस्करी नको. बाबा तुला काही बोललेत का?"

"डॅड? टू मी?" तो हसला. "ही सेंड्स मी व्हिडिओज ऑफ टेबल्स. दॅट्स इट." मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "मेबी ही नीड्स सम स्पेस, मॉम."

फोन ठेवून सुवर्णाने घराकडे बघितलं. चार बेडरूम, दोन माणसं. वरच्या मजल्यावर तर कित्येक दिवस कुणी चढलेलंही नव्हतं. एवढी जागा पुरत नाही?

तिसरा दिवस, लिव्होर्नो. प्लॅनमध्ये : दोन गट. गट अ पिसाला, मनोऱ्याला टेकून फोटो. गट ब फ्लॉरेन्सला, चामड्याच्या पर्सेस. गट नंतर बदलता येणार नाही.

तिला वाटलं, जेवणाचं कोडं बंदरांवरून सुटेल. माणूस बोटीवर कुणाबरोबर जेवणार हे लपवेल, पण दिवसभर कुणाबरोबर हिंडणार हे कसं लपवेल?

अमितने सगळ्यांसाठी एक तक्ता करून ठेवला होता. आडवी बंदरं, उभी नावं. ज्याने त्याने आपल्या चौकटीत काय करणार ते भरायचं. सुवर्णाच्या चौकटी भरलेल्या होत्या, कारण त्या रुपालीने भरल्या होत्या. लिव्होर्नोला गट ब, मेसिनाला बस, नेपल्सला पाँपेई, रोमला व्हॅटिकन. रवींद्रची रांग मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. एका चौकटीत त्याने फक्त टिंब दिलं होतं, आणि ते टिंब मुद्दाम दिलंय की चुकून पडलंय हे कळायला मार्ग नव्हता.

रवींद्र गॅरेजमध्ये होता. कपाळाचा घाम टी-शर्टच्या बाहीने पुसत एका फळीला सँडपेपर मारत होता. ती दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, रोमला काय करणार आहात?"

"बघू."

"अमित म्हणतो, बस लवकर निघते."

"निघू दे."

"निघू दे म्हणजे?"

"म्हणजे बसची वेळ झाली की बस निघते." त्याने फळीवर फुंकर मारली. "तू जा ना. तुला बघायचंय ते सगळं."

"आणि तुम्ही?"

"मी आहेच की."

कुठे आहे? हा माणूस कुठे आहे म्हणतोय? तिने आणखी थोडं थांबून बघितलं. त्याच्या तोंडावर चोरी नव्हती, आनंदही नव्हता. उलट चांगल्या कोटाला इस्त्री आहे का, असं त्यानेच मधूनच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "करीन मी."

कोट? कोटाला इस्त्री, तीही स्वतः?

रात्री तिने मनातल्या साच्यात आणखी एक ओळ घातली. चुकीची तीव्रता : माहीत नाही.

चौथा दिवस. समुद्रात. बंदर नाही.

(प्लॅनमध्ये : अंताक्षरी, डेक नऊ.)

त्या संध्याकाळी तिने सगळ्या पोळ्या आधीच करून डब्यात भरल्या. डायनिंग टेबलावरची पोस्टाची पाकिटं, कूपनं, औषधांच्या बाटल्या, अक्षतचा जुना लॅपटॉप, सगळं उचलून सोफ्यावर टाकलं. दोन ताटं समोरासमोर मांडली. ती एका खुर्चीवर बसली आणि हाक मारली.

तो आला, थबकला.

"पोळ्या संपल्या?"

"नाही. झाल्या सगळ्या."

"बरी आहेस ना?"

"बसा."

तो बसला. खिशातून फोन काढला, तिच्याकडे बघितलं, फोन पालथा ठेवला. दोघं जेवायला लागले.

भाजी वांग्याची होती.

तो म्हणाला, वांगं चांगलं आहे.

ती म्हणाली, कॉस्टकोचं.

तो म्हणाला, हो का.

मग काही नाही. घास. पाणी. एसीचा आवाज सुरू झाला आणि बंद झाला. कुठे बघायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. त्याने आमटीच्या वाटीकडे बघायचं ठरवलं, तिने त्याच्या खांद्यामागच्या थर्मोस्टॅटकडे. तिला माहीत नव्हतं की तो भाताआधी ताक पितो. कधीपासून? तिने मनात विषय शोधायला सुरुवात केली. अक्षतचं बोलून झालं. पूलची मोटर दुरुस्त झाली. तिच्या ऑफिसातलं त्याला कळत नाही, त्याच्या फॅक्टरीतलं आता काही उरलं नाही. ताटात अजून अर्धी पोळी होती आणि विषय संपले होते.

"तुला एक विचारायचं होतं," रवींद्र म्हणाला.

तिचा हात ताटातच थांबला. "विचारा."

त्याने घसा साफ केला. पाणी प्यायला. पालथा फोन सुलटा करून पुन्हा पालथा केला.

"एसीवाला सोमवारी येणार की मंगळवारी?"

"मंगळवारी."

"बरं."

पाचवा दिवस, मेसिना. प्लॅनमध्ये : इथे काही खास नाही असं कळतं. तरी सगळ्यांनी एकत्र राहावं.

रविवारी दुपारी अमितकडे मीटिंग होती. मीटिंग म्हणजे पॉटलक. रुपालीची कढी, प्रतिमाचा मसालेभात, सुवर्णाची मटकीची उसळ, आणि कुणाची तरी भांड्यातून न सुटणारी जेली. फ्रीजवर अमितने कागद डकवला होता : टेबलांचे बदल आज रात्री बंद होतात.

दारातून आत आल्यावर रवींद्र डावीकडे गेला आणि सुवर्णा उजवीकडे. डावीकडे टीव्हीवर अमितचा तक्ता लावलेला आणि सोफ्यांवर सगळे पुरुष. उजवीकडे किचन आणि ओट्याभोवती सगळ्या बायका. मध्ये भिंतसुद्धा नव्हती, नुसता एक गालिचा संपायचा आणि फरशी सुरू व्हायची. वीस वर्षं ती या घरात येत होती आणि वीस वर्षं उजवीकडेच वळत होती. आज तिच्या हातात उसळीचं जड पातेलं होतं आणि ते ठेवताना तिने सहज मागे वळून बघितलं, एवढंच. गालिच्यावर आठ पुरुष. फरशीवर आठ बायका.

हे तर अमितच्या टेबलांसारखंच आहे, असं तिला वाटलं. मग उलटं वाटलं. अमितची टेबलं याच्यासारखी आहेत. त्याने काही ठरवलं नव्हतंच. त्याने हे घर उचलून बोटीवर ठेवलं होतं.

"काय बघतेस?" प्रतिमा म्हणाली. "पापड भाजायचेत, हात चालव."

तेवढ्यात डावीकडून अमितचा आवाज चढला. त्याच्या हातात रिमोट होता.

"रवीदादा, तुमचं टेबल चुकून हललंय बरं का. मी काल बोटवाल्यांना फोन केला होता. ते म्हणतात, पाहुण्याने स्वतःच बदलायला हवं. तुम्ही आत्ता लगेच फोनवरून करून टाका, मी सांगतो कसं ते."

सुवर्णाने रुपालीकडे बघितलं. रुपाली कढी ढवळू लागली. कढीला ढवळायची काही गरज नव्हती.

"चुकून नाही," रवींद्र म्हणाला.

"म्हणजे?"

"मीच बदललंय."

"अहो पण का? आमच्याबरोबर जेवायचा कंटाळा आला?" अमित हसत होता, पण रिमोट खाली आला होता. "ग्रुप म्हणजे ग्रुप, दादा. एक गेला की दुसरा जातो."

"दोघांचं टेबल दिसतंय," सोफ्यावरून कुणीतरी म्हणालं. "दादा, दुसरं गिऱ्हाईक कोण? आम्हाला ओळख करून द्या की."

सगळे हसले. मग हसू हळूहळू विरलं, कारण रवींद्र हसला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. तो टीव्हीकडे, आपल्या त्या कोऱ्या रांगेकडे बघत म्हणाला,

"तिला अजून विचारलेलं नाही."

किचनमध्ये कुणाचा तरी चिमटा वाजला. सात बायकांनी सुवर्णाकडे बघितलं.

"अगंबाई," प्रतिमा हळूच म्हणाली. "भावजींनी तर हनिमून काढला."

"मला आधी सांगायचंस," रुपाली म्हणाली. ती खरंच दुखावली होती. "आम्ही आपलं इथे काय काय विचार करत बसलो."

"मलाच आत्ता कळतंय."

"मग आता काय? तू जाणार? आमच्या टेबलावर सातच?"

गेले काही दिवस सुवर्णाने एकच शंका घट्ट धरून ठेवली होती, नवऱ्याला आपण नको आहोत. ती शंका आता हातातून सुटली होती, आणि त्या जागी जे आलं त्याला धरायचं कुठून हे कळत नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण तिला ते वांग्याच्या भाजीचं जेवण आठवत होतं. तसं रोज रात्री, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, हलत्या बोटीत, एका पदार्थानंतर दुसरा येईपर्यंत थांबत. आणि इकडे या बायका. यांच्याबरोबर ती सहा तास बोलू शकते, विषय नसला तरी.

तिने आपली प्लेट उचलली आणि फरशी ओलांडून गालिच्यावर गेली.

पुरुष गडबडले. एकाने पाय आखडले, दुसऱ्याने सोफ्यावरची उशी उचलली आणि कुठे ठेवावी ते न कळून मांडीवर घेतली.

"वहिनी, काही हवंय का?" अमितने विचारलं. "रुपालीला हाक मारू?"

"नको. बसायचंय."

"इथे?"

ती रवींद्रशेजारी बसली. त्याच्या उजवीकडे बसली, तर तिच्या प्लेटच्या हाताचं कोपर त्याच्या जेवत्या हाताच्या कोपरावर आपटलं आणि थोडी कढी गालिच्यावर सांडली. टीव्हीवर मेसिना उघडं पडलेलं.

तिने आवाज खाली आणला. तरी तो सगळ्यांना ऐकू जात होता.

"अहो, दहा दिवस आपण बोलणार काय?"

"मलाही तेच कळत नाहीये," रवींद्र म्हणाला.

"मग?"

"मग काय. म्हटलं, बसून बघावं."

"परवा बसलो की. काय झालं ते बघितलंत."

"परवा मी विचारणार होतो. जमलं नाही."

"एसीवाल्याचं विचारलंत."

"तेच आलं तोंडात." त्याने नखाने प्लेटच्या कडेवरचा भात खरवडला. "तुला मैत्रिणी आवडतात. मला वाटलं, तू नाही म्हणशील. आधी माझं बदलून बघितलं, होतं का ते. मग तुझं बदलायला हात होईना. तू नको म्हणालीस तर मी परत येतो आठात, त्यात काय."

"पावणेसहाला भूक लागते तुम्हाला?"

"नाही लागत. कधीच नाही लागली."

हेही तिला माहीत नव्हतं.

"आणि नाही जमलं तर?" तिने विचारलं. "नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"खिडकीजवळचं मागितलंय. समुद्राकडे बघू."

"रात्री सव्वाआठला समुद्र दिसतो?"

रवींद्रने विचार केला. "तिथे उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड असतो म्हणतात. थोडा वेळ दिसेल."

अमित अजून उभाच होता. त्याला या गोष्टीचा शेवट हवा होता, कारण तक्ता पुढे सरकत नव्हता. "मग काय करू, वहिनी? आठ की दोन?"

किचनमधून सात जणी ऐकत होत्या. गालिच्यावरचे सगळे आपापल्या प्लेटीत काहीतरी हरवल्यासारखे बघत होते. सुवर्णाला अजूनही कळत नव्हतं. नोकरीत तिने शिकलेली एक गोष्ट मात्र होती : कळत नसेल तर बटण दाबून बघायचं. तिने फोन काढला, ॲप उघडलं, आपल्या नावाखालचं पावणेसहा काढलं, सव्वाआठ घातलं. ॲपने विचारलं, नक्की? तिने कढीच्या बोटाने हो म्हटलं. बोट ओलं असल्यामुळे ते लागलं नाही. ओढणीला पुसून पुन्हा म्हटलं.

अमितने टीव्हीवरून दोन नावं उडवली. दोन्ही टेबलांकडे आळीपाळीने बघितलं. चेहरा जरा खुलला.

"सात आणि सात," तो म्हणाला. "ठीक आहे. बॅलन्स आहे."

सहावा दिवस, नेपल्स. प्लॅनमध्ये : पाँपेई. टोप्या आणाव्यात. दुपारी तिथल्याच एकाकडून डाळ-भात ठरवला आहे.

परतताना गाडी ती चालवत होती. ऊन उतरलं होतं, पण स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता, म्हणून ती दोन-दोन बोटांनी धरून चालवत होती.

"नेपल्सला काय करायचं?" तिने विचारलं. "तुमची रांग कोरी आहे."

"उतरायचंच नाही."

"नेपल्सला?"

"हो."

"नेपल्सला जाऊन नेपल्सला उतरायचं नाही?"

"सगळे उतरतात. बोट रिकामी होते. वरच्या डेकवर कुणी नसतं. एका माणसाने व्हिडिओ टाकलाय, तो दिवसभर नुसता खुर्चीत बसून डोंगर बघतो. ज्वालामुखी आहे तो."

"मग तो जवळ जाऊन बघायचा ना! पाँपेई त्याच्याच पायाशी आहे."

"जवळ गेलं की डोंगर दिसत नाही. चढ दिसतो."

"हे कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

"मी पाँपेईला जाणार. मी शाळेत असताना चित्र बघितलंय त्याचं, कुत्र्याचं. राखेत तसाच राहिलेला."

"मग जा की."

"एकटी?"

"रुपाली आहे."

"रुपालीला टेबलावरून सोडलं आणि आता पाँपेईला तिच्या गळ्यात पडू? आणि तुम्ही मला दोघांचं टेबल देता आणि दोघांचा डोंगर देत नाही?"

"डोंगर मी देतोच आहे. वरच्या डेकवर ये."

"मला कुत्रा बघायचाय!"

"बरं, ओरडतेस कशाला?"

"मी ओरडत नाहीये."

"ओरडतेयस. तू अशी ओरडतेस हे मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार? तुम्ही कानात ते इअरफोन घालून जेवता."

तो काचेबाहेर बघायला लागला. तिला वाटलं, संपलं, एवढंच होतं. मग तो म्हणाला, "कुत्रा किती वेळाचा आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघायला किती वेळ लागतो? सकाळी कुत्रा, दुपारी डोंगर, असं नाही का होत?"

"दुपारी डाळ-भात आहे."

"डाळ-भात आपल्याकडून रद्द."

"अमितला कोण सांगणार?"

"तू सांग."

"मी का? तुम्ही सांगा. टेबल मी बदललं."

"टेबल मी बदललं. तू तुझं बदललंस."

"आधी मी..." सुवर्णा म्हणाली आणि थांबली, कारण आधी काय आणि नंतर काय हे तिचंच तिला लागेना. सिग्नल हिरवा झाला होता. अल्मा स्कूल रोडवरचं त्यांच्या घराकडचं वळण आलं, आणि गेलं.

"वळण गेलं," रवींद्र म्हणाला.

"बघितलं."

"पुढून यू-टर्न घे."

"घेते. आधी अमितला कोण सांगणार ते ठरू दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती रस्त्याकडे बघत होती. पुढचा सिग्नल आला, तिथेही तिने वळवली नाही, आणि का नाही वळवली हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"कुत्र्याला तिकीट आहे का?" रवींद्रने विचारलं.